‘क्लॅन’ला मराठीत कूळ म्हणावे का?

सोळाव्या ते अठराव्या शतकांतील स्कॉटलंडविषयी मराठीत वाचताना ‘क्लॅन’साठी, म्हणजे एका प्रमुखाच्या मागे चालणाऱ्या लोकसमूहासाठी, कोठे टोळी, कोठे जमात, तर कोठे घराणे असे शब्द आढळतात, यांपैकी योग्य कोणता, आणि तेथील ‘लेअर्ड’ला, म्हणजे जमीनधारकाला, सरदार म्हणावे का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

माझे मत ‘कूळ’ या शब्दाच्या बाजूने आहे. तेथील डोंगराळ भागाच्या गेलिक भाषेत ‘क्लान्न’ म्हणजे संतती, त्यामुळे वंश हा अर्थ तर जुळतोच; परंतु प्रत्यक्षात एका क्लॅनमधील सगळे लोक एकाच पूर्वजाचे वंशज नसत. प्रमुखाच्या जमिनीवर राहणारे, त्याच्या आश्रयाला आलेले आणि त्याच्या हाकेसरशी शस्त्र घेऊन निघणारे कित्येक जण कालांतराने त्याचेच आडनाव लावू लागत. मराठीत कूळ म्हणजे वंश आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. १९४८च्या मुंबई कूळवहिवाट कायद्यामुळे हा दुसरा अर्थ घरोघरी पोचला आहे. एरवी घोटाळा करणारे हे दोन अर्थ येथे एकमेकांना पूरक ठरतात, कारण क्लॅनमध्ये नाते आणि जमीन ही दोन्ही सूत्रे गुंतलेली होती.

तरीही दोन ठिकाणी सावध राहावे लागते. एका कुळात सोयरीक होत नाही असे मराठी वाचक न सांगता धरून चालतो, पण कॅम्बेल क्लॅनमधील मुलगी दुसऱ्या कॅम्बेलाकडे देण्यास तेथे आडकाठी नव्हती, आणि लग्नानंतरही स्त्री सहसा माहेरचेच आडनाव लावत असे. दुसरी बाब जमिनीची. १५८७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने केलेल्या कायद्याबरोबर क्लॅनांची एक यादी आहे, आणि तिच्या मथळ्यातच म्हटले आहे की हे लोक पुष्कळदा आपल्या जमीनमालकांच्या इच्छेविरुद्ध आपापल्या प्रमुखांच्या मागे जातात. म्हणजे खंड एकाला आणि निष्ठा दुसऱ्याला, अशी स्थिती होती. केपॉखचे मॅकडॉनल्ड ज्या जमिनीवर राहत होते तिची सनद मॅकिंटॉश या दुसऱ्या क्लॅनकडे होती. हा तंटा विकोपाला जाऊन १६८८ मध्ये मुलरॉयची लढाई झाली आणि सनद नसलेले केपॉखकर जिंकले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीतून येणाऱ्या हक्काला गेलिकमध्ये ‘दूखस’ म्हणतात, आणि त्या शब्दाला ‘वहिवाट’ हा मराठी शब्द पुष्कळसा पुरतो.

‘टोळी’ मात्र टाळावा. त्या शब्दाला लुटारूपणाचा वास आहे, आणि तो एडिंबराच्या दरबाराच्या दृष्टीचा वास आहे. याच दरबाराने, मॅकग्रेगर क्लॅनने लढलेल्या ग्लेन फ्रूनच्या लढाईनंतर, १६०३ मध्ये मॅकग्रेगर हे नाव धारण करण्यासच बंदी घातली. अनेकांनी कॅम्बेल, मरे, ड्रमंड अशी नावे घेतली, आणि मध्यंतरी काही काळ उठलेली ही बंदी १७७४ मध्ये कायमची रद्द झाली. १६०९च्या आयोना येथील नियमांनुसार साठ गाई बाळगणाऱ्या प्रत्येक प्रतिष्ठिताने आपला थोरला मुलगा, मुलगा नसल्यास थोरली मुलगी, लोलँड्समध्ये, म्हणजे सखल प्रदेशात, इंग्रजी शिकण्यास पाठवायची होती. ज्यांच्या शिक्षणाची राजाला इतकी फिकीर होती त्यांना टोळीवाले म्हणणे हास्यास्पद वाटते. ‘जमात’ही नको, कारण एकाच डोंगराळ प्रदेशात एकच भाषा बोलणारी अनेक क्लॅने शेजारी शेजारी नांदत होती.

‘घराणे’ प्रमुखाच्या स्वतःच्या वंशापुरता राखून ठेवावा. आर्गाइलचे कॅम्बेल घराणे १४५७ मध्ये अर्ल, १६४१ मध्ये मार्क्विस आणि १७०१ मध्ये ड्यूक झाले. दरबारात हा पुरुष बडा उमराव, तर हायलँड्समध्ये, म्हणजे डोंगराळ प्रदेशात, तोच ‘मॅक कॅलेन मोर’, म्हणजे पूर्वज कॉलिनच्या नावाने ओळखला जाणारा कुळप्रमुख. दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असतीलच असे नव्हते. कॅमेरन कुळाचा प्रमुख असलेला लॉखील हा शतकानुशतके एक लेअर्डच होता, आणि त्याला हाक मारतानाही लोक त्याच्या जमिनीचेच नाव घेत.

लेअर्ड हे ‘लॉर्ड’चेच स्कॉट रूप असले तरी लेअर्ड उमरावांत मोडत नसे; म्हणूनच १५८७च्याच एका कायद्याने लेअर्डांसारख्या लहान जमीनधारकांनी परगण्यागणिक प्रतिनिधी निवडून संसदेत पाठवण्याची व्यवस्था केली. म्हणून ‘सरदार’ चुकीचा, आणि देणाऱ्याने काढून घेता येण्याजोग्या इनामाची आठवण करून देणारा ‘जहागीरदार’ही तितकासा बरोबर नाही. ‘वतनदार’ मला बरा वाटतो, कारण अनेक लेअर्डांकडे जमिनीबरोबर वंशपरंपरेने चालणारे न्यायदानाचे अधिकारही होते. पदच्युत स्ट्यूअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणाऱ्या बंडखोरांचा १७४६ मध्ये कलॉडन येथे पराभव झाल्यानंतर ब्रिटिश संसदेने असे बहुतेक अधिकार मोबदला देऊन काढून घेतले, म्हणून त्यानंतरच्या काळाविषयी लिहिताना लेअर्डला साधे ‘जमीनदार’ म्हणावे.