पलंगाचा अँगल, भंगारातला केग आणि बंद गराज

मिशिगनमध्ये ऑक्टोबर उजाडला की माझ्याकडे एकाच विषयावरची पत्रं सुरू होतात: घरी बिअर करायचा स्टँड जुन्या सामानातून कसा बांधायचा? माझी तीस वर्षं वेल्डिंग तपासण्यात गेली, सुरुवात भोसरीत आणि बाकीची डेट्रॉइटच्या आसपास. बिअर मी करतो ती हौस म्हणून. तेव्हा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) कुठला आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) किती, हे मला विचारू नका. लोखंड आणि आग एवढंच माझं क्षेत्र.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तीन मोठी भांडी लागतात. पहिल्यात पाणी तापतं, दुसऱ्यात भरडलेला माल्ट ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर मुरतो, तिसऱ्यात त्यातून निथळलेलं गोड पाणी हॉप्स घालून उकळतं. ही तिन्ही भांडी आणि त्यांखालचे बर्नर ज्या सांगाड्यावर बसतात, तो स्टँड. तयार स्टँडला हजारो डॉलर पडतात, म्हणून मंडळी भंगाराकडे वळतात. जरूर वळा, मीही वळलो होतो. फक्त एक पाळा: लोखंड जुनं चालेल, गॅसचं सगळं नवं.

प्रश्न: अमेरिकेत घरी बिअर करणं कायदेशीर आहे का?

आहे. १९७९ पासून फेडरल कायद्याने एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन करता येते, विकता येत नाही. राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे असू शकतात, ते तपासा.

प्रश्न: शेजाऱ्याने पलंगाची लोखंडी फ्रेम फुटपाथवर टाकली होती, ती उचलून आणली. अँगल मजबूत दिसतो. एका व्हिडिओत याच अँगलचा स्टँड केलेला पाहिला. चालेल ना?

व्हिडिओत स्टँड उभा राहिलेला दिसतो. तिसऱ्या वर्षी तो कसा आहे, हे कोणी दाखवत नाही.

पलंगाचे हे अँगल बऱ्याचदा जुने रेल्वेचे रूळ पुन्हा लाटून केलेले असतात. त्या पोलादात कार्बन जास्त. ते कडक असतं, म्हणून पातळ असूनही पलंग वाकत नाही. पण ड्रिल लावा: बिट किंचाळतो, टोक निळं पडतं, भोक काही पडत नाही. वेल्ड केलंत तर टाका सुंदर दिसतो आणि टाक्याच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. थंड होताना कधी कधी ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की समजा, तडा गेला.

खात्री करायची तर त्याचेच दोन तुकडे जोडा, व्हाइसमध्ये आवळून धरा आणि हातोडा मारा. वाकले तर बोलू. टाक्याजवळून कट्कन तुटले तर फ्रेम पुन्हा फुटपाथवर.

आता वजन पाहा. भांडं म्हणून बहुतेक जण केग, म्हणजे बिअरचा स्टेनलेसचा पिंप, कापून वापरतात. एका केगात १२ गॅलन पाणी म्हणजे १०० पौंड, रिकामा केग साधारण ३० पौंड. एकूण ५९ किलो, गव्हाच्या पोत्यापेक्षा जास्त, आणि हे पोतं उकळतं आहे. अशी तीन. त्यापेक्षा स्टील यार्डात जाऊन कापून उरलेले तुकडे मागा. दोन इंची चौकोनी नळी, आठवा भाग इंच जाडीची, साधं माइल्ड स्टील, वजनावर स्वस्त मिळते. कापणं, घासणं, गुण्या लावून टॅक (जागा धरून ठेवणारे छोटे टाके) मारणं तुम्ही करा. भार घेणारे शेवटचे टाके स्वतःला खात्री नसेल तर प्रमाणित वेल्डरकडून मारून घ्या. तासाभराचं काम आहे.

प्रश्न: ऑनलाइन ३० डॉलरला अर्ध्या बॅरलचा केग मिळतोय. विकणारा म्हणतो, “डिपॉझिट भरलंय, म्हणजे माझाच.” घेऊ?

नका घेऊ. डिपॉझिट म्हणजे किंमत नव्हे. दुधाच्या बाटलीचे पैसे दुकानात ठेवले म्हणून डेअरी आपली होत नाही. केग ब्रुअरीचा असतो, काठावर बहुतेक वेळा तिचं नावही ठोकलेलं असतं. एखादी लहान ब्रुअरी चेपलेले केग रद्दीत काढते, तिच्याकडून पावती घेऊन घ्या. १५.५ गॅलनचा स्टेनलेसचा केग कापून उत्तम भांडं होतं.

मात्र ‘रिकामा आहे’ यावर जाऊन ग्राइंडर लावू नका. बिअर संपते, आतला दाब राहतो. दाब पूर्ण सोडून व्हॉल्व्ह काढल्याशिवाय कापायचं नाही, आणि ते काम ब्रुअरीतल्या माणसाकडूनच करून घ्या. व्हॉल्व्हची कडी कोणी सोडवत असताना तोंड केगवर वाकवून पाहू नये, एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

प्रश्न: लोहचुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नकली, हे खरं का?

नाही. ४३० जातीच्या अस्सल स्टेनलेसला चुंबक चिकटतो, आणि ३०४ च्या भांड्यालाही जिथे पत्रा ठोकून वळवलेला असतो तिथे थोडा चिकटू शकतो. चुंबक खिशात ठेवा आणि ते भांडं आधी कशासाठी वापरलं होतं, ते विचारा. रसायनाचा निळा पिंप ‘धुतला की फूड ग्रेड’ म्हणून विकणाऱ्याशी तर बोलूही नका.

प्रश्न: कुंपणाचे जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेले) पाइप पडून आहेत. जस्त घासून काढलं तर वेल्ड करता येईल का? करताना दूध प्यावं असं वडील सांगतात.

वडिलांना नमस्कार सांगा, पण दुधाने काही होत नाही.

भोसरीत पहिल्या वर्षी मी एक दिवसभर बंद शेडमध्ये जी.आय. वेल्ड केलं. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि वेल्डिंगचा आर्क (विजेची ज्योत) त्याच्या कितीतरी वर असतो. पांढरा धूर कापसासारखा तरंगत होता, मजा वाटली. रात्री हुडहुडी भरली, तोंडात नाणं चघळल्यासारखी चव. सुपरवायझरने ग्लासभर दूध पाजलं, वर गुळाचा खडा हातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी उतरलं आणि दुधाची कीर्ती वाढली. हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत आपणहून उतरतो, दूध प्या की ताक प्या. मात्र धाप लागली, छाती आवळली तर वाट न पाहता डॉक्टर गाठा.

घासून बाहेरचं जस्त जाईल, पाइपच्या आतलं कसं घासणार? कुंपणाचं कुंपणालाच लावा. आणि तेलकट लोखंड पुसायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरू नका. त्याची वाफ आर्कखाली आली की फॉस्जीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला तोच वायू. डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लावा.

प्रश्न: तीन मजली स्टँड करू की तिन्ही भांडी एका ओळीत?

एका ओळीत. तीन मजलीत पंप लागत नाही हे खरं, पण वरच्या केगचा काठ साडेसहा-सात फुटांवर जातो. ७७ अंशांचं पाणी डोक्यावर, आपण शिडीवर, हातात डाव. कशाला?

एका ओळीत पंप लागतो. जुना घ्यायचा तर भांड्याच्या पातळीखाली बसवा. हे चुंबकावर फिरणारे पंप पाणी खालून ओढत नाहीत, आलेलं पुढे ढकलतात. वेग कमी करायचा तो बाहेर जाणाऱ्या बाजूच्या व्हॉल्व्हने. आत येणारी बाजू आवळलीत तर गरम पाण्याची पंपातच वाफ होते आणि तो नुसता घरघरतो. वायरिंग जुनं वापरायचं नाही. ओल्या जागेत जीएफसीआयशिवाय (वीज गळली की लगेच तोडणाऱ्या स्विचशिवाय) प्लग नाही, आणि ते बसवायला परवानाधारक इलेक्ट्रिशियन.

प्रश्न: स्टँड तयार आहे. आता बाहेर उणे दहा आहे. गराजचं दार अर्धं उघडं ठेवून आत बर्नर लावला तर चालेल ना? बरेच जण तसंच करतात, शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहेच.

हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो, कधी दार अर्धं असतं, कधी पाव. एकदा सविस्तर लिहितो.

२०११ च्या नोव्हेंबरात मीही बरेच जणांतलाच एक होतो. दार फूटभर वर, वारा लागू नये म्हणून फटीला जुनी सतरंजी. उकळी आली, हॉप्स टाकले. थोड्या वेळाने डोकं जड झालं. वाटलं, सकाळपासून काही खाल्लं नाही. घड्याळ पाहिलं, आणि किती वाजले ते विसरलो. पुन्हा पाहिलं, पुन्हा विसरलो. तरीही मी ढवळत होतो! तेवढ्यात बायको दारात येऊन म्हणाली, “मुलीचं डोकं दुखतंय, क्रोसिन कुठे आहे?” गराजच्या वरच मुलीची अभ्यासाची खोली. दोन डोकी, दोन मजले, एकच दुखणं. तेव्हा उजेड पडला. गॅस बंद करून सगळे बाहेर, ९११. फायर ब्रिगेडच्या माणसाने मीटर घेऊन आत एक फेरी मारली आणि आम्हाला दोन तास ड्राइव्हवेत उभं केलं. पॅसेजमधला अलार्म तोवर गप्प होता.

तो बिघडला नव्हता. घरगुती अलार्मचा मापदंडच तसा आहे: दहा लाखांत ७० भाग एवढा वायू असेल तर तो एक ते चार तासांत वाजावा. १५० ला १० ते ५० मिनिटांत. आपली उकळ तासा-दीड तासाची, म्हणजे अलार्म नियमाप्रमाणे वागूनही तुम्ही आजारी पडू शकता. अलार्म हवाच. पण तो आत बर्नर पेटवायचा परवाना नव्हे.

आता बर्नर. स्वयंपाकघरातल्या शेगडीचा एक बर्नर दहा-पंधरा हजार बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप, इथे तासाला). आपले बर्नर साठ हजारांपासून दोन लाखांपर्यंत. एवढी आग गराजमधली हवा खाते. वर गार पाण्याने भरलेला केग. त्याच्या बुडाला ज्योत टेकली की ती थंड होते, जळण अर्धवट राहतं, आणि तिथेच हा वायू बनतो. ज्योतीची टोकं पिवळी दिसली, बुडाला काजळी धरली, तर तो पुरावा. म्हणून बर्नर आणि बूड यांत अंतर हवं, ते बर्नर बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं तेवढंच ठेवा. पण ज्योत निळीशार असली तरी आत नाही. जनरेटरबद्दल इथली सरकारी सूचना स्पष्ट आहे: दार उघडं असलं तरी गराजमध्ये चालवू नका. तुमच्या बर्नरची आग त्याहून साधी आहे, असं कोणी सांगितलं?

दुसरी गोष्ट प्रोपेनची. तो हवेपेक्षा दीडपट जड. गळला तर वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. त्याच गराजच्या कोपऱ्यात तुमचा वॉटर हीटर पेटलेला आहे. म्हणून सिलिंडर घरात किंवा गराजमध्ये ठेवायचाच नाही. जुन्या बार्बेक्यूची नळी आणि रेग्युलेटर ‘चांगला दिसतोय’ म्हणून लावायचा नाही. कमी दाबाचा रेग्युलेटर आणि जास्त दाबाचा बर्नर हे लग्न तर भंगारातच जुळतं. गॅसच्या थ्रेडला पिवळी टेप लावायची, पांढरी नाही, आणि फ्लेअर जॉइंटला (नळीचं तोंड पसरवून केलेल्या जोडाला) कुठलीच नाही. मग साबणाचं पाणी. बुडबुडा आला तर आणखी आवळत बसू नका, उघडून पुन्हा करा. समजत नसेल तर प्रोपेनवाल्याला दाखवा.

थंडी वाजते? अंगणात स्वेटर घाला. नाहीतर विजेवर जा, तेही इलेक्ट्रिशियनला विचारून आणि वाफ बाहेर काढायची सोय करून. तेही जमत नसेल तर एप्रिलपर्यंत थांबा.

प्रश्न: हाच बर्नर घरच्या नॅचरल गॅसला जोडता येईल? भोक मोठं करायचं असतं म्हणे.

ड्रिल खाली ठेवा. नॅचरल गॅसचा दाब आणि छिद्र दोन्ही वेगळे. बनवणाऱ्याचा सुटा भाग आणा आणि परवानाधारक प्लंबरला बोलवा.

प्रश्न: ऑफिसच्या खुर्चीची चाकं लावली तर?

खुर्चीवर तुम्ही बसता, भांड्यांसकट १८० किलोचं उकळतं ओझं बसत नाही. जमीन उंचसखल असली की चारांतलं एक चाक अधांतरी राहतं, म्हणून तीन चाकांनी सगळा भार पेलला पाहिजे असा हिशेब धरा. ब्रेक हवेत. आणि भरलेला स्टँड ढकलायचा नाही.

प्रश्न: आम्ही मूळचे पेडण्याचे. याच स्टँडवर झाकण आणि कॉइल लावून काजूची फेणी गाळता येईल?

नाही. परवान्याशिवाय घरी गाळायला फेडरल कायद्याची मनाई आहे, आणि उघड्या ज्योतीवर अल्कोहोलची वाफ ही कल्पनाच मला सहन होत नाही. गोव्याला जाल तेव्हा भाटीवर बसून प्या.

प्रश्न: पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला परततोय. स्टँड कंटेनरमध्ये टाकू?

टाका आणि त्यावर कुंड्या ठेवा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा. यापुढचं वकिलाला विचारा.

प्रश्न: स्टँड पूर्ण झाला! फोटो पाठवतोय. शनिवारी पहिली बॅच, मित्र येणार आहेत. काही राहिलंय का?

शनिवारी नाही.

फोटो मोठा करून पाहिला. वेल्डिंग नीटनेटकं आहे, शाबास. पण गॅसची नळी मधल्या भांड्याच्या नळाखालून गेली आहे, पहिलाच गरम थेंब तिच्यावर पडेल. ती मागून फिरवा. बर्नरभोवतीचा रंग साधा दिसतोय, तिथे १२०० फॅरनहाइटचा रंग लागतो. तो घासून पुन्हा मारा आणि पहिल्यांदा अंगणात नुसता तापवून धूर जाऊ द्या. मग तिन्ही केग थंड पाण्याने काठोकाठ भरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी पाणसळ लावून पाहा. मित्रांना तोवर विकतची पाजा.

आणि डावीकडच्या मागच्या पायाखाली लाकडाचा ठोकळा सरकवलेला दिसतो. तो पाय किती आखूड आहे ते मोजून मला कळवा.