बीड्स वेगळे होतात, मग रक्त का नाही?

तुम्ही लिहिलंय की खांबांच्या डीएलडी चिपमध्ये (बारीक खांबांच्या तिरक्या रांगा, ठरावीक मापाहून मोठा कण बाजूला सरकत जातो, लहान प्रवाहासोबत सरळ) पॉलिस्टायरीनचे बीड्स, म्हणजे प्लास्टिकचे बारीक मणी, छान वेगळे होतात, पण रक्त सोडलं की लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तांबड्या पेशींसोबतच बाहेर पडतात आणि थोड्या वेळाने चिप तुंबते. खांबांमधली फट 18 मायक्रॉन, रांगांचा तिरकेपणा 0.1.

चिप ठीक आहे, आकडा चुकलाय. डेव्हिस या संशोधकाचं नेहमीचं सूत्र घ्या: सीमाव्यास (ज्याहून मोठे कण बाजूला सरकतात ते माप) म्हणजे 1.4 गुणिले फट गुणिले तिरकेपणाचा 0.48 वा घात. तुमचा येतो 8.3 मायक्रॉन. तांबडी पेशी साडेसात-आठची, म्हणून सीमा तिच्यावर ठेवलीत, असा माझा अंदाज. पण खोल चॅनलमध्ये ती पेशी आडवी-उभी फिरून खांबाला आपली चपटी बाजू लावते. चिपला दिसते ती तिची जाडी, जेमतेम दोन-अडीच मायक्रॉन. म्हणजे सीमा इतकी वर नेण्याची गरजच नव्हती, आणि नेल्यामुळे सात-आठ मायक्रॉनचे लिम्फोसाइट सीमेच्या खाली, तांबड्या पेशींसोबत राहिले. त्यात पांढरी पेशी मऊ. प्रवाह वाढवला की ती दबते आणि आहे त्याहून लहान असल्यासारखी वागते. बीड कडक आणि गोल, त्यामुळे यातलं काहीच तो सांगत नाही. तिरकेपणा 0.05 करा, सीमा 6 वर येईल.

खोलीचाही विचार करा. चॅनल पेशीच्या व्यासापेक्षा उथळ केला तर तिला उभं राहायला जागा उरत नाही आणि मग पूर्ण व्यास मोजला जातो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या गटाने 2011 मध्ये हीच युक्ती वापरून रक्तातून ट्रिपॅनोसोम परजीवी वेगळे काढले होते. तुम्हाला उलटं हवंय, तेव्हा चॅनल खोलच ठेवा.

तुंबण्याबद्दल. अख्खं रक्त सोडू नका, पेशी एकमेकींना ढकलतात आणि सीमा पुसट होते. पीबीएसमध्ये (रक्ताइतक्या खारटपणाचं बफर) दहापट पातळ करा (डिस्टिल्ड वॉटर अजिबात नको, तांबड्या पेशी फुटतील), त्यात ईडीटीए आणि थोडं बीएसए (पेशी भिंतीला चिकटू नयेत म्हणून वापरायचं प्रथिन) घाला. गुठळी व्हायला कॅल्शियम लागतं, ईडीटीए ते बांधून ठेवतं. रक्ताआधी चिप इथेनॉलने भरून, मग बफरने धुऊन घ्या. अडकलेला एक बुडबुडा सगळा प्रवाह वाकवतो. खांबांच्या आधी गाळणीची एक ओळ हवीच. सिरिंज आडवी ठेवली तर पेशी तळाला बसतात आणि शेवटी नुसता बफर येतो, म्हणून पंप उभा लावा. चिपचं पीडीएमएस (रबरासारखं मऊ सिलिकॉन) दाबाखाली फुगतं आणि फटी रुंदावतात, तेव्हा प्रवाह सावकाश वाढवा.

सरावासाठी खाटकाकडून बकऱ्याचं रक्त आणायचा विचार असेल, तर तुंबणं तपासायला ते चालेल. वेगळं करण्याचे आकडे त्यावरून काढू नका, बकऱ्याच्या तांबड्या पेशी तीन-चार मायक्रॉनच्याच असतात. माणसाचं रक्त वापरायला संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, तो अर्ज आजच टाका, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो.