वाचकांचे प्रश्न : परफ्यूमच्या बाटलीला रंग कोणता, लेप कोणता?

सुगंधी द्रव्यांचा छोटा व्यवसाय करणाऱ्या वाचकांची बाटल्यांच्या रंगाबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतले चार प्रश्न या अंकात घेत आहोत.

प्रश्न : ५० मिलीच्या ३०० बाटल्या मॅट काळ्या रंगात करून घेतल्या. भरताना परफ्यूम ओघळले, तिथे रंग चिकट होऊन बोटाला लागतो. चूक रंगाची की आमच्या परफ्यूमची? (सांगली)

दोन्हींची गाठ आधी घालून पाहिली नाही, ही खरी चूक. परफ्यूममध्ये साधारण ८० टक्के अल्कोहोल असते, शिवाय सुगंधी तेले. त्यात डायइथाइल थॅलेट, म्हणजे बाजारात मिळणारे डीईपी असेल, तर ते रंग मऊ करणारेच द्रव्य आहे. नीट भाजलेला लेप हे सगळे सोसतो, कच्चा राहिलेला सोसत नाही.

काचेवरचे बेकिंग लॅकर, म्हणजे भट्टीत भाजून पक्का होणारा रंग, बहुधा १६० ते १८० अंश सेल्सिअसला १५-२० मिनिटे भाजतात. हे तापमान काचेला मिळायला हवे, भट्टीतली हवा तेवढी तापून भागत नाही. परफ्यूमच्या बाटलीचे बूड जाड असते, ते उशिरा तापते. म्हणून कच्चा रंग आधी बुडाशी सापडतो. तिथे नखाने दाबून पाहा, वळ उठला तर भाजणी कमी पडली आहे.

उरलेल्या रिकाम्या, कोरड्या बाटल्या रंगवाल्याकडून पुन्हा भाजून घेता येतील, पण रंग बेकिंगचा असेल तरच. हवेवर वाळणारे लॅकर असेल तर कितीही भाजले तरी ते अल्कोहोलपुढे टिकणार नाही. भरलेली बाटली मात्र भट्टीजवळही नेऊ नका, ती पेट घेते.

पुढच्या वेळी सगळा माल रंगवण्याआधी सहा बाटल्या रंगवून मागा आणि स्वतःचेच परफ्यूम वापरून तपासा. कापसाचा बोळा त्यात भिजवून एकाच जागी ५० वेळा मागेपुढे घासा. कापसाला रंग लागता कामा नये. दुसऱ्या बाटलीवर एक थेंब टाकून वर छोटी काचेची वाटी पालथी घाला, म्हणजे तो उडून जाणार नाही. २४ तासांनी पुसून नख लावा. तिसऱ्या बाटलीच्या सपाट बाजूवर धारदार ब्लेडने एक-एक मिलीमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा ओढा. २५ चौकटी होतील. त्यांवर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. चौकटी निघून आल्या तर रंग काचेला धरलेलाच नाही.

न धरण्याचे कारण बरेचदा काचेवरच असते. बाटल्या एकमेकींवर घासून ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यात त्यांवर पॉलिइथिलीनचा अतिशय पातळ थर देतात, त्याला कोल्ड एंड कोटिंग म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही आणि रंग त्यावरून सुटतो. रंगासाठी बाटल्या मागवताना ‘कोल्ड एंड कोटिंग नको’ असे ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा, आणि रंग धरावा म्हणून रंगवाला फवारणीआधी काचेवरून ज्योत फिरवतो का ते विचारा.

गळा झाकून रंगवला होता का, हेही बघा. १५ मिमीच्या क्रिम्प गळ्यावर, म्हणजे पंपाची धातूची कड दाबून बसवतात त्या गळ्यावर, रंग चढला की क्रिम्प करताना त्याचे पापुद्रे उडतात, गॅस्केट (पंपाखालची गळती रोखणारी चकती) नीट बसत नाही आणि पंपाखालून गळती सुरू होते. रंगाची कड कॉलरखाली, म्हणजे पंपाभोवतीच्या कड्याखाली, लपेल एवढ्याच उंचीवर थांबवायची.

प्रश्न : स्प्रे कॅनने घरीच बाटल्या रंगवतो. जुलैत रंगावर पांढरट धुरकटपणा आला आणि काही बाटल्यांवर गोल खळगे पडले. (रत्नागिरी)

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पांढरटपणा कोकणातल्या पावसाळी हवेचा. रंगातले थिनर झपाट्याने उडते, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतले बाष्प ओल्या रंगावर धरते. अशा दमट दिवशी फवारणी करूच नका. करायचीच असेल तर खोली कोरडी ठेवा, बाटल्या हाताला कोमट लागतील इतपत तापवा आणि पातळ हात मारा.

खळगे सिलिकोनचे. त्याच खोलीत हेअर सीरम किंवा सिलिकोन स्प्रे वापरला असेल, तर त्याचा कणही पुरतो. रंग त्याच्याभोवतून मागे सरतो. बाटल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर दहा-बारा बाटल्यांनंतर फडके बदला, नंतर हातमोज्यांशिवाय धरू नका. तरीही सांगतो, कॅनचा रंग परफ्यूमपुढे टिकत नाही. विक्रीच्या मालासाठी तो वापरू नये.

प्रश्न : दुधी काच ॲसिडची घ्यावी की फ्रॉस्टेड लॅकरची? आमचे अत्तर तेलावरचे आहे. (नाशिक)

ॲसिडने काचेचा पृष्ठभागच खरवडला जातो. वर थर नसल्यामुळे पोपडे निघण्याचा प्रश्न येत नाही आणि अल्कोहोलला तर ती पुरून उरते. पण तुमच्या मालासाठी ती अडचणीची आहे. खरखरीत काचेवर तेल पडले की बारीक खाचा भरतात आणि तेवढा भाग पारदर्शक, ओलसर दिसू लागतो. अत्तराचा फाया काढताना बोट लागणारच, आणि तो डाग साबणाने धुतल्याशिवाय जात नाही. तेलकट अत्तराला फ्रॉस्टेड लॅकर बरे, त्यावरचे तेल फडक्याने पुसले जाते. वर सांगितलेल्या चाचण्या इथेही करा.

ॲसिडची प्रक्रिया घरी करायचा विचार कृपया सोडून द्या. त्यातली हायड्रोफ्लोरिक जातीची द्रव्ये कातडीतून आत हाडापर्यंत जातात, आणि वेदना कधी कधी तासांनी सुरू होते.

प्रश्न : दिवाळीच्या भेटसंचासाठी सोनेरी आरशासारखी बाटली हवी. सोन्याचा मुलामा फार महाग पडेल ना? (सोलापूर)

त्यात सोने नसते. निर्वात कक्षात ॲल्युमिनियमची वाफ काचेवर बसवतात, खाली एक लॅकर आणि वर पिवळट झाक असलेले दुसरे लॅकर. सोनेरीपणा त्या पिवळ्या झाकेचा. ॲल्युमिनियमचा थर फारच पातळ असतो. वरच्या लॅकरला सुईच्या टोकाएवढे भोक राहिले तरी ओल तिथून शिरते आणि ठिपके पसरतात. माल हाती आला की प्रखर उजेडात कडा आणि खांदे तपासा, रंग तिथेच विरळ बसतो.

अशा बाटलीत आतली पातळी दिसत नाही, म्हणून भरणे वजनावर करा. आधी घनता मोजा. ती ०.८२ आली तर ५० मिली म्हणजे ४१ ग्रॅम. प्रत्येक बाटली रिकामी असताना तराजूवर शून्य करूनच भरा, कारण काचेच्या वजनात बाटलीगणिक दोन-चार ग्रॅमचा फरक सहज पडतो.