गुगलशिवाय केळीविषयक लेखांना वाचक कसे मिळवावेत? एआयची मदत घ्यावी का?

भाऊ, घ्या, पण नवे लेख पाडायला नको. केवळ सर्चमध्ये वर यावं म्हणून ढिगानं टाकलेला मजकूर गुगलने मार्च 2024 पासून स्पॅमच्या नियमात धरला आहे. शिवाय जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलचा केळी उत्पादक शेतकरी सर्चपेक्षा व्हॉट्सअॅपवर जास्त असतो.

एक लेख स्वतः लिहा, शेतात उभं राहून. समजा विषय केळीवरचा हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस). तो मावा ही कीड पसरवते, आणि काकडी-भोपळ्याच्या वेलांवरही तो विषाणू टिकतो, म्हणून बागेत ते आंतरपीक नको. आता हा लेख एआयला द्या. व्हॉट्सअॅप चॅनेलसाठी पाच ओळींचा संदेश, यूट्यूब शॉर्टसाठी मिनिटभराची संहिता आणि शेतकरी विचारतील असे दहा प्रश्न काढून मागा. प्रश्नांचा उपयोग सगळ्यात मोठा: ते गटात टाका, येणाऱ्या उत्तरांतून पुढचा लेख मिळतो. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची) आणि कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमाराची) या केळी लागवडींआधी हे केलं तर लोक स्वतःहून पुढे पाठवतात.

औषधाचं प्रमाण मात्र एआयवर सोडू नका. तो चुकीचा आकडाही ठामपणे सांगतो, आणि नुकसान कुणाच्या तरी बागेचं होतं. जळगावच्या केळी संशोधन केंद्राच्या शिफारशीशी ताडून पाहा. अहिराणी ऑडिओ तर तुमच्याच आवाजात करा. एआयची अहिराणी अजून कच्ची आहे, गावातला माणूस लगेच ओळखतो.