सोलापुरात इलियट ब्लूबेरी लावायचा विचार असेल तर
भावा, इलियट जात भारीच आहे, पण ती पडली नॉर्दर्न हायबुश, म्हणजे थंड मुलखातली ब्लूबेरी, अमेरिकेच्या कृषी खात्यानं 1973 ला आणलेली, एकीकडून बर्लिंग्टन आणि दुसरीकडून डिक्सी, जर्सी, पायोनियर या जुन्या जातींचं रक्त, आणि तिला हिवाळ्यात 800 तासांच्या वर थंडी (साधारण 7 अंशांखालची) लागते, ती आपल्या सोलापुरात कुठनं आणणार? फळ पण फसवं, आधी निळं होतं अन् गोडी मागनं येते, देठाकडं लालसर दिसलं तर तोडूच नको, आंबट लागतंय. तिचाच ब्रिजिटा जातीशी क्रॉस करून मिशिगनमध्ये ऑरोरा काढली, तीही इलियटसारखी उशिरा पिकणारीच, आपल्या कामाची नाही.

हौसच असेल तर बिलॉक्सीसारखी सदर्न हायबुश, म्हणजे उबदार मुलखासाठीची जात बघ, तिला थंडी कमी लागते. पण काळ्या रानात डायरेक्ट नको लावू, आपली चुनखडीची माती पीएच 8 च्या आसपास आणि हिला लागतो 4.5 ते 5.5, नाहीतर पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. मोठ्या कुंडीत कोकोपीट घे, बोअरचं पाणी आधी तपासून घे, खतात नायट्रेट टाळ, अमोनियम सल्फेट थोडं थोडं दे. आणि एप्रिल-मेला शेडनेट लागणारच.