इटालियनमध्ये 'मी बरा आहे' कसं म्हणायचं?

'स्तो बेने, ग्रात्सिये.' झालं तुमचं उत्तर. बाईने म्हणा की बुवाने, काही बदलत नाही. 'सोनो बेने' मात्र म्हणू नका, तब्येतीसाठी 'स्तारे' हेच क्रियापद लागतं. आणि 'ग्रात्सिये'तला शेवटचा 'ये' गिळू नका, आपले लोक हमखास गिळतात.

पण एवढ्यावर थांबलात तर तुम्ही माझ्या रूममेटच्या पंगतीत बसलात. तोरिनोला, म्हणजे इटलीतल्या ट्युरिनला, शिकत होतो तेव्हा खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या. जिन्यात भेटल्या की 'कोमे स्ता?', म्हणजे 'कसे आहात?', विचारायच्याच. हा पठ्ठ्या 'बेने!' फेकून दोन-दोन पायऱ्या उतरत पसार. म्हणे, थांबलं की म्हातारी गुडघ्याचं पुराण लावते. लावायच्याच! मी 'बेने, ग्रात्सिये. ए लेई?', म्हणजे 'आणि तुम्ही?', असं उलट विचारायचो, मग त्या 'इन्सोम्मा...' म्हणत कठड्याला टेकायच्या. 'इन्सोम्मा' आलं की समजायचं, काही खरं नाही, आता ऐकून घ्या. गुडघा, औषधं, फोन न करणारा मुलगा. निम्मं डोक्यावरून जायचं, पण माझं इटालियन सुधारलं ते त्या जिन्यातच. ऐन थंडीत आमचा बॉयलर बंद पडला तेव्हा मेकॅनिकला फोन त्यांनी लावला, त्याच्याशी भांडल्याही त्याच.

एका रविवारी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. आन्योलोत्तीचा, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याचा, डाव पुन्हा ताटावर आला, तसा रूममेट 'नो, नो' करत दोन्ही हात आडवे धरून बसला. बाई कसल्या ऐकतात, वाढलंच. मी 'स्तो बेने कोझी, ग्रात्सिये' म्हटलं, म्हणजे पोट भरलं, आता पुरे. डाव मुकाट्याने मागे गेला.

तो अजूनही म्हणतो की इटलीत इंग्रजीवर भागतं. भागतं की, स्टेशनवर, हॉटेलात. शेजारी कसं भागणार?

हां, बरोबरीच्यांना 'ए लेई' नको, 'ए तू?' विचारा. नेपल्सकडची जुनी माणसं 'लेई'ऐवजी 'वोई'ही वापरतात. आणि डॉक्टरसमोर सवयीने 'स्तो बेने' म्हणून मोकळे होऊ नका. तिथे 'स्तो माले', म्हणजे 'बरं नाही'.

रूममेट इथलं सगळं वाचतो. बाबा रे, बॉयलर कोणामुळे चालू झाला ते खाली लिही.