दातांच्या डॉक्टरचा प्रोब आणि अवकाशातला प्रोब, शब्द एकच कसा?

भाऊ, पद्धत एकच आहे नं, म्हणून शब्द एकच. जिथं डोळा पोचत नाही तिथं काहीतरी आत धाडायचं आन ते काय सांगतं ते वाचायचं. इथं नागपुरात डेंटल कॉलेजला हिरड्या दाखवायला गेलात तर बघा, मिलीमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई दात आणि हिरडीच्या फटीत हळूच सरकवतात, १ ते ३ मिमी गेली तर ठीक, ४ किंवा जास्त गेली की हिरडी दातापासून सुटायला लागली असावी असं धरतात, आणि हे नुसतं आरशात बघून कळत नाही म्हणून ही तपासणी खरंच टाळू नका. ह्युजेन्स प्रोबनं १४ जानेवारी २००५ ला शनीच्या टायटन या चंद्रावर उतरून तेच केलं. डीएनए प्रोब, म्हणजे डीएनएचाच एक छोटा तुकडा, तर टोचतही नाही, त्याच्याशी जुळणारा डीएनएचा तुकडा सापडला की चिकटतो आन त्याला लावलेल्या रंगामुळं सूक्ष्मदर्शकात चमकतो.